बालगुन्हेगारी : मुलावर, घरावर आणि शेजारावर होणारे तिचे परिणाम

महोत्सवी स्मरणिकेत आनंदाचे व अभिमानाचे लेख असावेत, ही वाचकांची अपेक्षा रास्त आहे. तथापि, शिक्षक या नात्याने मुलांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांला सुचविण्यात आले, तेव्हा आम्ही समजून-उमजून एक अप्रिय विषय निवडला. संस्थेची शिष्यवृत्ती मिळवून पुढे गेलेल्या मुलांचे कौतुक या पानांतून होईलच आणि ते व्हावे. परंतु ज्या मुलाचे नाव पोलीस ठाण्याच्या वहीत गेले, तोही आपल्याच गल्लीतला, आपल्याच ओळखीच्या घरातला असतो. त्याच्याविषयी आपण कुजबुजतो, पण विचार क्वचितच करतो. तो विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषयाची व्याप्ती

'बालगुन्हेगार' हा शब्द आपल्या तोंडी बसला असला, तरी कायद्याने तो कधीच टाकून दिला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात अशा मुलास 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हटले आहे. शब्द जड आहे, पण त्यामागील दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. मुलाचा कायद्याशी झगडा झाला आहे. गुन्हा हा त्याचा स्वभाव किंवा त्याची जात नव्हे, असे त्यातून सुचविले आहे. या कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार ७ वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेले कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी पक्वता आली नसेल, तर त्याचेही कृत्य गुन्हा धरले जात नाही. जुन्या दंडसंहितेतही हीच तरतूद होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशभरात मुलांविरुद्ध अशी ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले १६ ते १८ या वयातील होती. याच अहवालांतून वर्षानुवर्षे आणखी एक गोष्ट दिसून येते. 'गुन्हा करणारी मुले अनाथ, बेवारस, फुटपाथवरची' अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य मुले आईबापांजवळ राहणारी असतात. म्हणजे हा प्रश्न घराबाहेरचा नसून घरातला आहे.

एक कृत्य, दोन परिणाम

सिद्धान्त सांगण्यापूर्वी एक पाहण्यातील उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आमच्या बेळगाव शहरात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा नववीत होता. त्याला व त्याच्या एका सोबत्याला दोन थोराड तरुणांनी चोरीचे मोबाईल विकण्यास दिले. प्रत्येकाला त्यात काही शे रुपये मिळाले. महिन्याभरात दोघेही पकडले गेले. दोघांचे वय एक, कृत्य एक, आणि निरीक्षणगृहातील मुक्कामही जवळजवळ सारखाच.

पहिला मुलगा जामिनावर घरी आला, तो घरातच बसून राहिला. शाळेने स्पष्ट नकार दिला नाही; पण 'वार्षिक परीक्षेपर्यंत न आलेला बरा' असे सुचविले. बापाने मारले, आईने अन्न सोडले, शेजाऱ्यांनी आपल्या मुलांना त्याच्याशी बोलण्यास बंदी केली. बोलावयास उरले ते तेच दोन थोराड तरुण. दहावीचे वर्ष त्याने पाहिलेच नाही. दुसऱ्या मुलाला त्याच्या मामाने आपल्या घरी नेले, एका शिक्षकाने रोज संध्याकाळी तासभर बसवून बुडालेला अभ्यास भरून काढला आणि वर्गात काही घडलेच नाही अशा रीतीने त्याला पुन्हा बाकावर बसविले. तो पुढे आय. टी. आय. मध्ये फिटरचे शिक्षण घेऊन बाहेर पडला.

दोन मुलांवरून नियम बांधता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एवढे मात्र या उदाहरणावरून ध्यानात यावे की गुन्ह्याचे परिणाम दोन प्रकारचे असतात : एक कृत्यातून आपोआप उद्भवणारे आणि दुसरे, त्यानंतर आपण मोठी माणसे जे वागतो त्यातून निर्माण होणारे. पहिले टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. दुसरे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असतात.

मुलावर होणारे परिणाम

पहिला आघात शिक्षणावर होतो. निरीक्षणगृहातील दिवस, तारखा आणि लाज या तिन्हींमुळे हजेरी तुटते. गणित व इंग्रजी यांसारख्या विषयांत दोन महिन्यांचा खंड पडला की मूल मागे पडते. मागे पडले की वर्गात नकोसे वाटते. आणि नकोसे वाटले की ते शाळा सोडते. येथे पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत, कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. नववी-दहावीच्या मुलाला मात्र हे संरक्षण नाही, आणि वरील आकडेवारी पाहता धोक्याचे वय नेमके त्यानंतरचेच आहे.

दुसरा परिणाम संगतीचा. चांगले सोबती दुरावले की वाईट सोबती जवळचे वाटू लागतात. त्यांना या मुलाची गरजही असते. मटक्याच्या चिठ्ठ्या पोहोचविणे, गांजाची पुडी नेऊन देणे, चोरीचा माल विकणे ही कामे मोठी माणसे मुद्दाम मुलांकडून करवून घेतात, कारण पकडले गेले तर मूल सुटेल असा त्यांचा हिशेब असतो. अशा मोठ्यांना बालन्याय अधिनियमाच्या ७८ व ८३ या कलमांखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकते. मूल पकडले गेले की आपण मुलाला दोष देतो. त्याला कामाला लावणारा कोण, हे विचारावयाचे राहून जाते.

तिसरा परिणाम शिक्क्याचा. लंडन शहराच्या दक्षिण भागातील ४११ मुलांचा एक अभ्यास १९६१ साली सुरू झाला. डोनाल्ड वेस्ट व डेव्हिड फॅरिंग्टन या केंब्रिजच्या संशोधकांनी ही आठ-नऊ वर्षांची मुले प्रौढ होईपर्यंत व त्यानंतरही कित्येक वर्षे नजरेखाली ठेवली. त्यांना असे आढळले की जवळजवळ निम्म्या गुन्ह्यांना सुमारे सहा टक्के मुलेच कारणीभूत होती. बाकीच्यांपैकी पुष्कळांचे पाऊल एकदा-दोनदा घसरले व ती सावरली. दुसरा निष्कर्ष अधिक विचारात टाकणारा आहे. सारखेच वागणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्यावर न्यायालयाचा शिक्का बसला, त्यांचे वर्तन पुढे सुधारण्याऐवजी अधिक बिघडलेले दिसले. गाव ज्याला चोर म्हणते, तो मुलगा स्वतःलाही चोर समजू लागतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक होते.

येथेच धाकाविषयी दोन शब्द. 'एकदा तुरुंग दाखवला की सरळ होईल' असे पुष्कळ पालक म्हणतात. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात नेमका हाच प्रयोग झाला. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी भेदरविण्यात येई. पुढे या प्रयोगांची काटेकोर तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तुरुंग न दाखविलेल्या मुलांपेक्षा तुरुंग दाखविलेली मुलेच अधिक बिघडली. भीतीचा रंग काही दिवसांत उडतो. मागे उरतो तो अपमान.

घरावर होणारे परिणाम

मुलाचे कृत्य एका दिवसाचे असते. घराला मात्र ते महिनोन्महिने फेडावे लागते. कायद्याप्रमाणे बालन्याय मंडळाने चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांची मुदत घेऊन, संपवावयाची असते. परंतु प्रत्येक तारखेला बापाची किंवा आईची रोजी बुडते. उद्यमबागेतील फौंड्रीत वा मागावर रोजंदारी करणाऱ्याला सहा तारखा म्हणजे सहा दिवसांची कमाई. त्यात जाण्यायेण्याचा खर्च व वकिलाची फी मिळवा. वस्तुतः मुलासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पण ठाऊक नसल्यामुळे गरीब माणूस दागिना मोडतो.

पैशाहून मोठी झीज मनाची होते. आईबाप एकमेकांना दोष देऊ लागतात. 'तुझ्या लाडाने झाले', 'तुमचे लक्ष नव्हते' ही भांडणे मुलासमोरच होतात. थोरल्या बहिणीचे ठरत आलेले लग्न लांबते. धाकटा भाऊ पाचवीत असतो. त्याला मधल्या सुट्टीत 'चोराचा भाऊ' म्हणून हाक मारली जाते आणि त्याचे कोणी मनावर घेत नाही. वर सांगितलेल्या पहिल्या मुलाचे वडील एकदा आम्हांला म्हणाले, "मास्तर, पोरगं सुटलं, आम्हीच अजून अडकलोय की." यापेक्षा थोडक्यात हा परिणाम सांगता येणार नाही. केंब्रिजच्या अभ्यासातही ज्या घरात एक भाऊ गुन्ह्यात सापडला, त्या घरातील दुसऱ्या भावाचा धोका वाढलेला आढळला. म्हणून एका मुलाकडे लक्ष देताना त्याच्या भावंडांकडेही पाहिले पाहिजे.

एका बाबतीत तर कायदा आईबापांनाच थेट जबाबदार धरतो. मुलाच्या हाती मोटारसायकल देणे आपल्याकडे कौतुकाचे समजले जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९९ क या कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'जरा कोपऱ्यावरून दूध घेऊन ये' म्हणून किल्ली देणाऱ्या प्रत्येक बापाने हे आकडे पाठ करून ठेवावेत.

ज्याचे नुकसान झाले तो

या विषयावर बोलताना एका माणसाचा नेहमी विसर पडतो. तो म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो. चोरलेली सायकल कोणा पेपर टाकणाऱ्या मुलाची असते. हिसकावलेली पिशवी कोणा भाजीवालीच्या दिवसभराच्या गल्ल्याची असते. तिला संध्याकाळी एकटीने घरी जाण्याची भीती बसते, ती कित्येक महिने जात नाही. मुलावर दया करावयाची म्हणजे या बाईला विसरावयाचे, असे मुळीच नाही. उलट, आपल्या हातून कोणाचे काय गेले हे मुलाला समोर बसून ऐकावयास लावणे आणि शक्य तेवढी भरपाई त्याच्या स्वतःच्या श्रमातून करविणे, हाच खऱ्या पश्चात्तापाचा मार्ग आहे. सर्वच धर्मांनी तौबेची किंवा प्रायश्चित्ताची हीच खूण सांगितली आहे की घेतलेले परत करावे. मारामुळे मुलाला स्वतःचे दुःख कळते. भरपाईमुळे दुसऱ्याचे कळते.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात हा विचार नवा नाही. १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने किरकोळ गुन्हा करणाऱ्या मुलांना धंदेशिक्षणास लावण्याची सोय केली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा झाला व १८९७ साली तो नव्याने करण्यात आला. बालकांचे कायदे मद्रास प्रांतात १९२० साली, बंगालमध्ये १९२२ साली व मुंबई इलाख्यात १९२४ साली आले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि आपल्या शेजारी धारवाड येथे तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळा चालत असे. साऱ्या देशासाठी बालन्यायाचा कायदा १९८६ साली झाला, २००० साली तो बदलला आणि १५ जानेवारी २०१६ पासून सध्याचा अधिनियम लागू आहे.

त्यातील पालकांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी अशा :

१. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यास २४ तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात आणि त्यांत एक तरी स्त्री असते.

२. पोलिसांनी आईबापांना व परिविक्षा अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. हा अधिकारी दोन आठवड्यांत मुलाच्या घरची, शाळेची व परिस्थितीची माहिती मंडळापुढे ठेवतो. त्याच्यापासून काही लपविणे मुलाच्या हिताचे नसते.

३. मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल, तर मंडळाने दुभाषा द्यावयाचा असतो. आपल्या भागात मराठी व उर्दू घरांतील पुष्कळांना कन्नड कागद वाचता येत नाही. न समजता सही करण्याऐवजी दुभाषा मागावा. तो हक्क आहे.

४. मंडळ समज देऊन मुलाला घरी पाठवू शकते, समुपदेशन वा समाजसेवेचा आदेश देऊ शकते, चांगल्या वर्तनाच्या हमीवर आईबापांच्या किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करू शकते, अथवा विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवू शकते.

५. १६ ते १८ वयाच्या मुलाने किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक पाहणीनंतर त्याला प्रौढाप्रमाणे चौकशीस पाठविता येते. 'लहान आहे, काही होत नाही' हा समज म्हणून घातक आहे.

६. ७४ व्या कलमाप्रमाणे मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाईलवरील गटात पुढे ढकललेले छायाचित्रही यातून सुटत नाही.

७. २४ व्या कलमाप्रमाणे मुलाच्या दोषामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठराविक काळानंतर नोंदी नष्ट करावयाच्या असतात. प्रौढाप्रमाणे चौकशी होऊन दोषी ठरलेला १६ वर्षांवरील मुलगा एवढाच याला अपवाद आहे.

आपण काय करावे

कायद्याने नोंद पुसली, तरी गल्ली ती पुसत नाही. म्हणून पुढील काम संस्थेचे व आपणा सर्वांचे आहे. आमच्या नम्र मते चार गोष्टी सहज करता येतील.

पहिली, कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात पोलीस तक्रारीविषयी प्रश्न नसावा. तसेच शाळा सोडल्याच्या दाखल्यातील 'वर्तणूक' हा रकाना भरताना आम्हां शिक्षकांनी आपल्या लेखणीचे वजन ओळखावे. कायदा ज्याला नवी सुरुवात म्हणतो, ती एका शब्दाने रोखली जाऊ नये.

दुसरी, संस्थेने कन्नड व मराठी दोन्ही जाणणाऱ्या तीन-चार जबाबदार सभासदांची नावे ठरवून ठेवावीत. एखाद्या घरावर प्रसंग आला, तर आईबापांबरोबर मंडळापुढे जाणे, कागद वाचून दाखविणे, मोफत वकिलाचा अर्ज भरून देणे एवढेच त्यांचे काम. रात्री नऊ वाजता घाबरलेल्या आईला कोणाकडे जावे हे ठाऊक असणे, हीच मोठी मदत होय.

तिसरी, जामिनावर घरी आलेल्या मुलाचे पहिले दोन महिने फार महत्त्वाचे. त्या काळात संध्याकाळी अभ्यासाला बसविणारा एक माणूस व हाताला धंदा शिकविणारे एक ठिकाण मिळाले, तर अर्धे काम झाले असे समजावे. गॅरेज, सुतारकाम, बेकरी, छापखाना असे व्यवसाय आपल्या सभासदांचेच आहेत. मुलगा १४ वर्षांवरील असेल, काम धोक्याचे नसेल व शाळेचे तास सुटत नसतील, एवढी काळजी मात्र घ्यावी.

चौथी, आणि सर्वांत स्वस्त. मुलाला हाक मारताना त्याच्या नावानेच हाक मारावी. भावाला भाऊ म्हणून ओळखावे, चोराचा भाऊ म्हणून नव्हे. ईद असो वा गणेशोत्सव, त्याला कामाची एखादी जबाबदारी द्यावी. पाणी वाटण्याची का असेना. ज्या मुलावर कोणी विश्वास टाकला आहे, ते मूल तो विश्वास सहसा मोडीत नाही, हा वर्गातील आमचा नित्याचा अनुभव आहे.

संस्थेच्या निधीतून किती मुले पदवीधर झाली, याचा हिशेब अहवालात येतोच व त्याचा आम्हांलाही अभिमान आहे. किती मुले वाटेवरून परत घरी आणली, याचा आकडा मात्र कोणत्याही अहवालात छापता येणार नाही, कारण त्यांची नावे सांगावयाची नाहीत. तरीही ते काम संस्थेने हाती घ्यावे, अशी सर्व विश्वस्त, सभासद व माताभगिनींना विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.